वुरिया नावाचं इंजिन

४ फेब्रुवारी १९७५, मंगळवार

माझा नवा कांगा फाडला नवऱ्याने! लाल काठाचा. अजून एकदाही नेसले नव्हते. घडी करून खाटेच्या कडेला ठेवला होता. त्याचे चार तुकडे केले आणि गेला शेडमध्ये, इंजिनाचं पितळ पुसायला. संध्याकाळी एक तुकडा परत आणला. काळा, तेलकट. तरी काठ ओळखू येत होता.

"मला जुना वाटला," म्हणाला.

जुना शेजारीच पडला होता, खुर्चीवर. पण नाही — वुरियाला नवाच लागतो!

त्याच्या मागून त्याचा फायरमन ओदेरा आत आला. याला रोज आमच्याच घरी भूक लागते. म्हणतो, "वहिनी, खरं सांगू? काठ तिला शोभला हो." दोघंही हसले.

मी दोघांना वाढलं. न बोलता वाढलं. एवढंच करता आलं.

६ फेब्रुवारी

वुरिया हे माझ्या माहेरच्या डोंगराचं नाव. टाइटाच्या डोंगरांतला सगळ्यात उंच. त्याच्या उतारावर मी जन्मले. या जातीच्या गॅरेट इंजिनांना डोंगरांची नावं द्यायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि नेमकं हे इंजिन न्यांबूच्या वाट्याला आलं. पितळी पाटी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी खुळ्यासारखी खूश झाले होते. नवरा माझंच माहेर मिरवतोय जणू. आता वाटतं, तेवढं एक नाव होतं माझ्याकडे, तेही हिने नेलं.

अजस्र आहे, मान्य. पुढे एक इंजिन, मागे एक इंजिन, मधे दोघांवर टांगलेला बॉयलर. वळणावर तीन ठिकाणी वाकते. समुद्राकडून वर नैरोबीला माल न्यायचा तर हिच्यासारखी दुसरी नाही — हे मला शेडमधला प्रत्येक जण सांगतो, मी विचारलेलं नसताना. आणि ती न्यांबूची आहे. कागदावर रेल्वेची, पण आमच्या जंक्शनवरची रीत अशी की एक इंजिन एका जोडीचं. त्यांनीच चालवायचं, त्यांनीच घासायचं, पॉलिशचा डबासुद्धा पदरचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर मारामाऱ्या होतात. आधी ती हरबन्स सिंगांची होती. विलायतेला निघाले त्या दिवशी सरदारजी तिच्या चाकाला कपाळ लावून रडले. त्यांची बायको तिकडे फलाटावर, ट्रंकेवर बसून वाट बघत होती. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

७ फेब्रुवारी

झैनाबू कुंपणावरून ओरडली, "मालेंबा, तुझी सवत पाणी पिऊन निघाली बघ!" मी हसले. आत आले आणि पातेलं आपटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा ओदेरा जेवायला. आणि पुन्हा तो तमाशा!

इंजिनावर सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने पुकारायचा, दुसऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं. नियमच आहे तसा. असू दे. पण माझ्या घरात कशाला?

"उगाली आली, उस्ताद! समोर!"

"समोर," न्यांबू म्हणतो, तोंड अगदी गंभीर.

"डाव्या हाताला पालेभाजी. वाफ निघतेय!"

"वाफ निघतेय."

"वहिनी उजवीकडून येताहेत. चेहरा — लाल!"

"लाल!"

मग दोघंही टेबलावर हात आपटून हसतात. सकाळपासून मी चुलीपाशी. आठवडाभर शाळेत साठ पोरांवर ओरडून घसा बसलेला. आणि माझा चेहरा म्हणजे यांचा सिग्नल!

"ओदेरा, तुला स्वतःचं घर नाही का?"

"आहे की, वहिनी. पण तिथे पुकारलं तर उत्तर कुणी देत नाही."

न्यांबूला ठसका लागला. मी पाठ थोपटली नाही.

१२ फेब्रुवारी

फोरमन वांजोहीने सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं होतं. वाफेची इंजिनं आता एकेक करून मोडीत जाणार. महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचं, नैरोबीला जाऊन डिझेल शिकून यायचं. नाव देणार नाही तो इंजिन गेल्यावर शेडमध्ये झाडू मारणार — आणि क्वार्टर सोडणार. क्वार्टर डिझेलवाल्यांना.

हे मला झैनाबूच्या नवऱ्याने सांगितलं, कुंपणापलीकडून. माझ्या नवऱ्याने घरी येऊन काय सांगितलं? "वुरियाचा पुढचा पंप कुरकुरतोय."

"नाव दिलंत?"

"कसलं?"

"रिघाचे बाबा, मला वेड्यात काढू नका."

"अगं, डिझेल म्हणजे काय? पत्र्याची खोली. आत बसायचं, दांडा ओढायचा. कारकुनाचं काम."

"कारकुनाच्या डोक्यावर छप्पर असतं."

यावर उठला. जेवण अर्धं टाकून. जाताना स्टूल लाथेने उडवलं. भिंतीवर आपटलं ते. मुद्दाम!

रिघाला मोंबासाच्या शाळेत ठेवलंय. तिची खोली, तिची खाट, ही सगळी याच क्वार्टरमध्ये. मुलगी सुट्टीला कुठे येणार — इंजिनाच्या टाकीत?

१३ फेब्रुवारी

स्टुलाचा पाय मोडलाय. मी जोडणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

झैनाबूने माझ्या केसांच्या बारीक वेण्या घातल्या. सगळी दुपार गेली. डोकं ठणकतंय, पण आरशात बघितलं तर बरी दिसत होते. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी न्यांबू ओट्यावर बसला होता, रुळांकडे तोंड करून. मी शेजारी जाऊन बसले. खांद्याला खांदा लागेल इतकी. बसून राहिले. त्याने मान वळवली नाही. मालगाडी गेली, कोंबड्या आत गेल्या, अंधार पडायला आला. हा रुळांकडेच बघतोय. शेवटी मीच म्हटलं, "काही दिसतंय का?"

दचकला. मग म्हणाला, "अं? काय दिसायचंय?"

मी उठून आत गेले. त्या पितळेच्या पाटीवर डाग पडला तर याला इथून दिसतो!

१९ फेब्रुवारी

नाव दिलं नाही अजून. विचारलं तर शिट्टी वाजवत बाहेर जातो.

२२ फेब्रुवारी

ओदेराचा बाप वारला. किसुमूच्याही पलीकडे त्याचं गाव. सकाळच्या गाडीने गेला. त्यांच्याकडे दिवसकार्य लांबतं, लवकर यायचा नाही. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. वाटेत खायला उकडलेला कसावा बांधून दिला.

न्यांबू मात्र असा चेहरा करून बसलाय की याचाच बाप गेला.

दुपारी शेडमधून निरोप आला, ओदेराच्या जागी दुसरा फायरमन देतोय, रात्रीची मालगाडी न्यायची आहे. हा म्हणाला, "पोटात दुखतंय." निरोप्या जाईपर्यंत पोट धरून बसला. तो गेल्यावर मागून चहा घेतला.

खोटं! वीस वर्षांत पोटदुखीने घरी राहिल्याचं मला आठवत नाही. तापात गाडी नेली याने. रिघा झाली त्या दिवशी गाडी नेली. आणि आता नावं द्यायच्या ऐन दिवसांत फोरमनसमोर हे नाटक! दुसऱ्या फायरमनबरोबर जायचं नाही म्हणे. लाड!

२३ फेब्रुवारी

पोट अजून "दुखतंय". दोनदा जेवला.

२४ फेब्रुवारी

कसं लिहू? झालं तसंच लिहिते.

शाळेतून आले ती चिडूनच. वाटेत वांजोही भेटला. "बाई, उस्तादांची तब्येत?" असं हसून विचारलं. हसून! मी काय उत्तर दिलं देव जाणे.

न्यांबू दारात खुर्ची टाकून बसला होता, रुळांकडे तोंड. मी मागच्या पायवाटेने बाजूने आले. जवळ उभी राहिले. पिशवी खांद्यावर. याने बघितलंच नाही. मी घरात आले काय, गेले काय! सगळा महिना डोक्यात चढला — कांगा, वेण्या, क्वार्टर, खोटं पोट. आणि मी हात उगारला. खरंच उगारला, कानशिलात द्यायला. आयुष्यात पहिल्यांदा.

हात त्याच्या कानापासून वीतभर. तो हलला नाही. पापणीसुद्धा नाही.

माझा हात तसाच वर. मग मी तो हळूहळू पुढे नेला. गालासमोरून. डोळ्याच्या कोपऱ्यासमोरून. काही नाही. थेट नाकासमोर गेला तेव्हा दचकून मागे सरला.

"अगं! केव्हा आलीस?"

मी म्हटलं, "आत्ताच." आत जाऊन पिशवी ठेवली. हातावर पाणी ओतलं.

२५ फेब्रुवारी

रात्रभर सगळं परत बघितलं. ओदेराची ती जेवणातली पुकारणी. थट्टा नव्हती ती! डावीकडे भाजी, उजवीकडे वहिनी — तो याला सांगत होता. माझ्या टेबलावर, माझ्या देखत, आणि मी लाल!

वर्गात फळा न दिसणारं पोर मी दारातून ओळखते. ते मान कशी वाकडी करतं, शेजाऱ्याच्या पाटीवर कसं बघतं. आणि हा माझ्या घरात.

सकाळी चहा देऊन समोर बसले. नेमकी समोर.

"केव्हापासून?"

काय, म्हणून विचारलं नाही त्याने. कप खाली ठेवला. आधी बोटांनी टेबल चाचपलं, मग ठेवला.

"सरदारजी गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. कडेने काळं येतं. नळीतून बघावं तसं."

"डॉक्टर?"

"मिशनच्या दवाखान्यात गेलो होतो. गेलं ते परत येत नाही म्हणाला. राहिलेलंही जाईल. हळूहळू."

"आणि दर वर्षीची तपासणी?"

"अक्षरांचा तक्ता समोर असतो. समोरचं मला ससाण्यासारखं दिसतं. नैरोबीला मात्र यंत्र आहे. त्यात कडेचंही बघतात. डिझेलला नाव दिलं की पहिल्याच दिवशी त्या यंत्रासमोर बसवतात."

म्हणजे हे! वुरिया नाही, पितळ नाही, कारकुनाचं काम नाही.

"सिग्नल मधेच असतो, मालेंबा," तो म्हणाला. समजावत होता मला! "ड्रायव्हरला मधलं लागतं. ते आहे माझ्याकडे."

"आणि कडेला काय असतं?"

त्याने चहा ढवळला.

"कडेला माणसं असतात, रिघाचे बाबा."

"ओदेरा आहे ना."

मी कप उचलला आणि अंगणात फेकला. फुटला. फुटायलाच हवा होता.

२७ फेब्रुवारी

आमच्या शाळेची अर्धी पोरं रुळांच्या कडेकडेने येतात. रस्त्याने लांब पडतं. कडेने चाला, मधून चालू नका, हे त्यांना मीच शिकवलंय. दर सोमवारी प्रार्थनेनंतर सांगते. कडेने चाला!

आज बेरजा सांगताना थांबले आणि पुढचा आकडा आठवेना. पोरं हसली. मी एकाला उगाच उभं केलं.

२८ फेब्रुवारी

आज शेवटचा दिवस होता. नाव दिलं नाही. मी विचारलंही नाही.

क्वार्टर जाणार म्हणून इतके दिवस रागावले होते. आता तो राग लहान वाटतो.

४ मार्च

ओदेरा परतला. डोकं भादरलेलं, वाळलाय. नळावर पाणी भरत होता, तिथेच त्याला गाठलं. बायका होत्या चार, त्यांना म्हटलं जरा सरका. सरकल्या, पण कान इकडेच.

"मला कळलंय," मी म्हटलं.

त्याने बादली खाली ठेवली. "बरं झालं, वहिनी. फार जड होतं ते."

"जड होतं! तुझ्या तोंडावर एवढी मोठी गाडी चालते, ओदेरा. उद्या तुला ठसका लागला तर? शिंक आली तर?"

"वहिनी, तुम्ही कधी वुरियावर चढलाय?"

"नाही. तिने बोलावलं नाही कधी."

हसला नाही तो. म्हणाला, "एवढा बॉयलर पुढे, त्याच्या पुढे पाण्याची टाकी. त्या इंजिनावरून सगळं कुणालाच दिसत नाही. उजवीकडचं वळण उस्तादांना दिसतं, डावीकडचं मला. म्हणून तर पुकारायचं. पहिल्या दिवसापासून अर्धं त्यांचं, अर्धं माझं. आता माझं जरा जास्त. एवढंच."

"एवढंच?"

"मला काम त्यांनी शिकवलं. शेडमध्ये कुणी लुओ जमातीच्या पोराला हात धरून वर घेत नव्हतं, तेव्हा त्यांनी घेतलं. मी त्यांना खाली कसा उतरवू? तुम्हीच सांगा."

मला याला मारावंसं वाटलं. आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. बादली भरून वाहत होती, नळ बंद केला आणि आले.

५ मार्च

पोटदुखी बरी झाली. दोघं सकाळीच गेले. वुरियाची शिट्टी चढापर्यंत ऐकू आली. मी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या. एवढ्या उकाड्यात!

८ मार्च

व्हायचं ते झालं — म्हणजे जवळजवळ.

खडी दाबणारी टोळी वळणावर काम करत होती. ढकलगाडी रुळांवर. त्यांचा माणूस लाल निशाण घेऊन पुढे उभा, न्यांबूच्याच बाजूला. ओदेरा त्याच वेळी भट्टीत वाळू मारत होता. तेल जळून नळ्यांत काजळी धरते, ती वाळूने खरवडून काढावी लागते. दोन्ही हात गुंतलेले, तोंड भट्टीकडे, धुराने सगळं काळं. न्यांबूला निशाण दिसलं नाही. ते कडेला होतं.

टोळीतली माणसं उड्या मारून वाचली. एकाचा हात मोडला. ढकलगाडीच्या काटक्या झाल्या. वुरियाला ओरखडा नाही.

हे मला झैनाबूच्या नवऱ्याने सांगितलं. सगळं जंक्शन म्हणतंय, निशाणवाला झोपला होता. न्यांबूनेही तसंच लिहून दिलं. निशाणवाल्याची नोकरी जाणार. म्हातारा आहे, माकुपा नाव. त्याची नात माझ्या वर्गात आहे.

न्यांबू घरी आला, जेवला, म्हणाला, "असं होतं कधी कधी."

"तो झोपला होता?"

"उन्हात डुलकी लागते माणसाला."

"माझ्याकडे बघून बोला."

बघितलं. नळीतून. मला वाटलं त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला मी किती लहान दिसत असेन. ओदेरा आज जेवायला आला नाही.

९ मार्च

माकुपाची नात आज नळावर दिसली नाही.

१० मार्च, सोमवार

प्रार्थनेनंतर पोरांना कडेने चाला म्हणायला तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. वर्ग दुसऱ्या बाईंकडे दिला आणि सरळ शेडमध्ये गेले. भर उन्हात. वुरिया आत उभी होती, लाल, चकचकीत. बाजूने जाताना तिच्याकडे बघितलं नाही. तिचा काय दोष?

वांजोहीने खुर्ची दिली. "बसा, बाई. चहा?"

"नको. माझ्या नवऱ्याला बाजूचं दिसत नाही. निशाणवाला जागा होता."

वांजोही उठला, दार लावलं, परत येऊन बसला. पेन उचललं, ठेवलं.

"हे तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतेय."

"बरं. म्हणजे आता मला माहीत झालं."

"आधी नव्हतं?"

"आधी..." तो खिडकीकडे बघू लागला. "आधी दिसत होतं, बाई. उस्ताद जिना चढताना ओदेरा मागे का राहतो, ते दिसत होतं. पण वुरिया सगळ्यात कमी तेलात सगळ्यात जास्त माल वर नेते. कधी उशीर नाही. मी जाऊन कुणाला काय विचारायचं? कुणी येऊन सांगेल, याची वाट बघत होतो."

वाट बघत होता! इकडे माणसं रुळांवर, आणि हा वाट बघत होता! मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. बाहेर फिटरांचे हातोडे थांबले होते, एवढं आठवतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मी त्यांना यंत्राच्या तपासणीला पाठवतो. माकुपाचंही बघतो. तुम्ही इथे आलाच नव्हता, बाई. तुम्हाला त्याच घरात राहायचंय."

बाहेर पडले तेव्हा ओदेरा वुरियाच्या पायरीवर बसला होता, चिंधी हातात. त्याने बघितलं मला. मी मान खाली घातली आणि चालत राहिले.

१२ मार्च

कालच नैरोबीला नेलं त्याला. आज परत आणलं. गाडी नेणं बंद, कायमचं. मेपर्यंत क्वार्टर सोडायचं. डबा आणि टोपी घेऊन घरी आला, दोन्ही टेबलावर ठेवली.

मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. नाही. एकच प्रश्न — "कोण बोललं?" चहा पिताना, हात धुताना, अंथरुणावर. "टोळीतला कुणीतरी. नाही, त्यांना काय ठाऊक. झैनाबूचा नवरा? तो बडबड्या आहे, पण त्याला कळलं कसं?"

"ओदेरा?" मी विचारलं. का विचारलं? माझं मलाच कळलं नाही.

"ओदेरा मेला तरी बोलणार नाही," तो म्हणाला.

माझ्यावर त्याचा संशयच नाही. त्याचाही राग आला!

१३ मार्च

संध्याकाळी ओदेरा आला. दारातच थांबला, आत आला नाही.

"उस्ताद," म्हणाला, "फोरमनला मी सांगितलं."

न्यांबू उभा राहिला. मग म्हणाला, "जा. पुन्हा या दारात उभा राहू नकोस."

ओदेराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेला. मी दार लावलं.

न्यांबूने हात पुढे केला, चाचपून माझं मनगट धरलं. "तू तरी आहेस," म्हणाला.

मी हात काढून घेतला नाही.